सहा गठ्ठे आणि कर्मचाऱ्यांचे मनोबल

कार्यालयीन दिरंगाईचे खापर बहुधा कर्मचाऱ्यांवर फोडले जाते. परंतु हवा तो कागद वेळेवर सापडत नसेल, तर कष्टाळू लिपिकही हतबल होतो. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी नेमक्या याच अडचणीवर उपाय योजला. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून परिचित असलेल्या या पद्धतीत प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे व नष्ट करावयाचे कागद असे सहा गठ्ठे असतात. त्यामुळे प्रत्येकास आपले शिल्लक काम स्पष्ट दिसते. वरिष्ठांनाही धाकाऐवजी वस्तुस्थितीच्या आधारे बोलता येते. मात्र गठ्ठे एकदा बांधून भागत नाही. नियमित आढाव्यात अडचणी ऐकून घेतल्या व चांगल्या कामाची दखल घेतली, तरच शिस्त टिकते आणि अर्जदाराचा हेलपाटा वाचतो.