सव्वा ग्रॅमचा फरक

बार्शीत कुणाची शुगर निघाली की घरातला साखरेचा डबा आधी वरच्या फळीवर जातो. त्याच्याही आधी एक हिशेब करून बघावा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली याचा अर्थ दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम. ५ लिटरचे ५० डेसिलिटर, म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम साखर. चहाचा एक चमचा! १२६ ला मधुमेहाचं निदान होतं, तेव्हा ती ६.३ ग्रॅम असते. 'आता जन्मभर गोळ्या' या विचारानं माणूस खचतो तो सव्वा ग्रॅमच्या फरकावर. खाली उतरलात तर ७० ला साडेतीन ग्रॅम उरते, आणि त्याहून कमी झाली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. एवढ्याशा पट्ट्यात शरीर हा काटा वर्षानुवर्षं धरून ठेवतं, हुरड्याच्या दिवसांतही.

या कामातला एक भाग मूत्रपिंडांकडे पाहिल्यावर कळतो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातून १८० ग्रॅम साखर बाहेर येते आणि जवळजवळ सगळी परत आत ओढली जाते. रक्तातली साखर १८० च्या आसपास पोचली की ही ओढ कमी पडते आणि लघवीतून साखर जाऊ लागते. दिवसाला १०० ग्रॅम गेली तर ४०० कॅलरी गेल्या, महिन्याला दीड किलो चरबीइतक्या. म्हणून निदानाआधीच काहीजण झपाट्यानं उतरतात आणि भेटेल तो म्हणतो, 'बारीक झालास, बरं केलंस.' हे वजन कमावून घटलेलं नसतं. प्रयत्न न करता उतरलेल्या वजनाचं कौतुक करू नये, आधी रक्त तपासावं.

गोळ्यांचे आकडे तर चक्रावून टाकतात. १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी मधुमेहावर वापरून दाखवलेलं मेटफॉर्मिन आजही बहुतेकांची पहिली गोळी असते. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याचे रेणू किती? १८ वर २० शून्यं. शरीरात पेशी ३० लाख कोटींच्या घरात. वाटणी केली तर एका गोळीतून प्रत्येक पेशीच्या वाट्याला ६ कोटी रेणू! निम्मे शोषले गेले तरी ३ कोटी. त्यांचं मुख्य काम यकृतात चालतं. यकृत रात्रभर जी साखर रक्तात सोडतं ती ते आवरतात आणि जसेच्या तसे लघवीवाटे निघून जातात. डापाग्लिफ्लोझिनची १० मिलिग्रॅमची गोळी मूत्रपिंडाची ती परतीची ओढच अडवते. त्यामुळे दिवसाला ७० ग्रॅमपर्यंत साखर बाहेर पडते, गोळीतल्या औषधाच्या ७,००० पट. आठवड्याला एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड जेमतेम २.४ मिलिग्रॅम असतं. मधुमेह असलेल्यांच्या चाचणीत त्यानं ६८ आठवड्यांत वजन सरासरी साडेनऊ टक्क्यांनी उतरवलं.

आता वजनाकडे येऊ. १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर चालला तर पन्नास-पंचावन्न खर्ची पडतात. १८९७ मध्ये कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची पहिली गाडी धावली तो कुर्डुवाडी-बार्शी मार्ग साधारण ३५ किलोमीटरचा. तेवढं अंतर चार वेळा पायी कापलं तेव्हा कुठं १ किलो चरबी जाईल. १५ किलो घटवायचं तर ६० वेळा! चालणं सोडा असं कुणी समजू नये. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हा फायदा त्याच दिवशी मिळतो. पण वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

१५ किलोंचा आकडा मी उगीच घेतलेला नाही. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन या संशोधकांनी निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या ३०६ जणांवर 'डायरेक्ट' चाचणी केली. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८५० कॅलरींच्या आसपासच आहार दिला. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. १५ किलो किंवा जास्त घटवलेल्यांत ८६ टक्के. टेलर यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात वजन उतरल्यावर इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातून गेलेली चरबी मोजली, ती भरली ०.६ ग्रॅम. अर्धा-पाऊण ग्रॅम हलवायला पंधरा किलो! मला यातला सगळ्यात थक्क करणारा आकडा हाच वाटतो.

'मी तर सडपातळच आहे,' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या बारीक माणसालाही थोडं वजन घटवून फरक पडू शकतो, तो यामुळेच.

'डायरेक्ट'मध्ये गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीत. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून कुणी मनानंच ताट निम्मं केलं तर साडेतीन ग्रॅमच्या खाली जायला वेळ लागत नाही. म्हणून आहार बदलण्याआधी डोस ठरवून घ्यावा. आणि गोळ्या सुटल्या तरी तपासणी सुटत नाही, कारण त्या चाचणीतले ४६ टक्के दुसऱ्या वर्षी ३६ वर आले होते. मधुमेह माघारी गेला असं डॉक्टर कधी म्हणतात? औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच.