पडद्यावरचे पाळीव प्राणी : चिमुकल्यांसाठी कितपत योग्य?

कोल्हापूर - आषाढात बेंदूर आला, की कुंभारांनी घडविलेली मातीच्या बैलांची जोडी घरोघरी येते. पूजा झाली, नैवेद्य दाखवून झाला, की पुष्कळ घरांत ही जोडी लहानग्यांच्या खेळात सामील होते. तिला गवत घातले जाते, पाणी पाजले जाते, एखादे दिवशी शिंग मोडते आणि खेळ संपतो. मातीचा बैल भूक लागली म्हणून मुलाला हाका मारीत नाही, चाऱ्यासाठी पैसे मागत नाही, मुलाचे नाव आणि वय कोणाला कळवीत नाही आणि त्याच्या आडून कोणी अनोळखी माणूस बोलत नाही. संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर पाळलेला प्राणी नेमका या चार बाबतींत मातीच्या बैलाहून वेगळा ठरतो. तो लहान मुलांच्या हाती द्यावा की नाही, याचा निर्णयही याच चार कसोट्यांवर व्हायला हवा.

प्रत्यक्षात तो तसा होत नाही. सदनिकेत कुत्रे-मांजर पाळण्याची सोय नसते, मुलाचा हट्ट मात्र सुटत नाही. अशा वेळी पडद्यावरचे मांजर हा निरुपद्रवी पर्याय वाटतो. त्यात मारामारी नाही, अश्लीलता नाही, रंग गोड आहेत, एवढे पाहून पालक निर्धास्त होतात. परंतु प्राणी किती गोंडस आहे, हे त्या संकेतस्थळाच्या योग्यतेचे प्रमाण नव्हे. त्यामागचा व्यवहार कसा चालतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

अंड्यापासून संकेतस्थळापर्यंत

या खेळाची लाट जपानमधून आली. बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये 'तामागोची' हे अंड्याच्या आकाराचे, तीन बटनांचे खेळणे बाजारात आणले. त्यातील प्राण्याला वेळेवर खाऊ घालावे लागे, त्याची घाण साफ करावी लागे. हयगय झाली, तर तो मरत असे. मुले हे खेळणे वर्गात नेऊ लागल्याने अनेक देशांतील शाळांनी त्याला मज्जाव केला. माणसांचे लक्षावधी तास आभासी प्राण्यांच्या संगोपनात खर्ची घातल्याबद्दल त्याच्या जनकांना १९९७ मध्ये 'इग नोबेल' हा विनोदी पुरस्कारही देण्यात आला.

पुढे हा प्राणी महाजालावर आला. १९९९ मध्ये ब्रिटनमधील दोन तरुणांनी 'निओपेट्स' सुरू केले. २००५ मध्ये 'व्हायकॉम' या बड्या माध्यम कंपनीने ते १६ कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी कॅनडात 'वेबकिंझ' आणि 'क्लब पेंग्विन' ही संकेतस्थळे सुरू झाली. 'क्लब पेंग्विन'साठी डिस्नेने २००७ मध्ये ३५ कोटी डॉलर मोजले. मोबाईलच्या जमान्यात स्लोव्हेनियात जन्मलेल्या कंपनीचे 'माय टॉकिंग टॉम' हे मांजर २०१३ मध्ये आले आणि भारतातील घराघरांतही पोहोचले. एवढ्या मोठ्या रकमा प्राण्यांच्या चित्रांसाठी मोजल्या गेल्या नाहीत. रोज न चुकता परत येणारी मुले, हे या व्यवसायाचे खरे भांडवल होते.

मुलाला ते खरेच वाटते

मोठ्या माणसाला पडद्यावरचे मांजर हे केवळ चित्र वाटते. चार-पाच वर्षांच्या मुलाचे तसे नसते. दोन ते सात या वयात मूल निर्जीव वस्तूंनाही जीव आणि इच्छा बहाल करते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी दाखवून दिले आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्राध्यापिका शेरी टर्कल यांनी तामागोची व तत्सम खेळण्यांशी खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ही खेळणी यंत्रे आहेत हे ठाऊक असूनही मुले त्यांना एका अर्थी जिवंतच मानतात, असे त्यांना आढळले. आपण ज्याची काळजी घेतो, त्याच्यावर आपला जीव जडतो, हे त्यामागचे साधे सूत्र आहे.

या जिव्हाळ्यात वाईट काही नाही. वेळच्या वेळी काम करणे, दुसऱ्याची गरज ओळखणे, गुण साठवून मग वस्तू घेणे, अशा काही सवयी अशा खेळांतून लागू शकतात. अडचण निर्माण होते ती भूक कोण ठरविते, या मुद्द्यापाशी. गोठ्यातील म्हशीची भूक तिच्या पोटातून येते. पडद्यावरील प्राण्याची भूक कंपनीचा संगणक ठरवितो. मूल किती तासांनी परत यावे, याचा हिशेब त्या भुकेत दडलेला असतो. प्राणी किती लवकर उपाशी होतो, न आल्यास रडतो काय, आजारी पडतो काय, मोबाईलवर सूचना पाठवितो काय, यावरून संकेतस्थळाची नियत कळते. 'निओपेट्स'मधील प्राणी कितीही उपाशी राहिला, तरी मरत नाही. मूल गावाला गेले, परीक्षेत गुंतले, तरी त्याच्या माथी मरणाचे पातक येत नाही. लहान मुलांसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

दुकान कोठे आहे?

दुसरी कसोटी पैशाची. 'वेबकिंझ'मध्ये दुकानातून कापडी खेळणे विकत घेतल्यावर त्यासोबतचा गुप्त क्रमांक संकेतस्थळावर वापरून प्राणी 'दत्तक' घेता येई. 'क्लब पेंग्विन'वर वर्गणी न भरणाऱ्या मुलाला 'पफल' नावाचे प्राणी दोनच पाळता येत. अधिक हवे असतील तर दरमहा पैसे. हे व्यवहार निदान उघड होते. दुकानात पाकीट पालकाचेच उघडत असे.

मात्र मागणी थेट मुलाकडे होऊ लागली, की प्रश्न गंभीर होतो. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१५ मध्ये 'मोशी मॉन्स्टर्स' या राक्षसपिल्ले पाळण्याच्या संकेतस्थळाविरुद्ध निर्णय दिला. वर्गणीदार व्हा, असा थेट आग्रह मुलांना करणारी भाषा तेथे वापरली गेली होती. मुलाच्या भाबडेपणाचा असा उपयोग करता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार होते.

फुकट मिळणाऱ्या खेळांत किंमत जाहिरातींच्या रूपाने वसूल होते. त्याच वर्षी 'माय टॉकिंग टॉम' खेळताना प्रौढांसाठीच्या एका संकेतस्थळाची जाहिरात मुलांना दिसल्याची तक्रार याच प्राधिकरणाने ग्राह्य धरून जाहिरातदाराविरुद्ध निर्णय दिला. खेळात काही वावगे नव्हते. वावगे होते ते मध्येच उमटलेल्या जाहिरातीत. कोणती जाहिरात कोणापुढे येईल हे दूरवरची यंत्रणा ठरविते, त्यामुळे पालकांनी एकदा पाहून घेतलेला खेळ दुसऱ्या दिवशी तसाच असेल, याची खात्री देता येत नाही.

नाव, वय, जन्मतारीख

तिसरी कसोटी माहितीची. प्राण्याचे नाव ठेवण्याआधी बहुतेक ठिकाणी मुलाचे नाव, जन्मतारीख आणि ई-मेल पत्ता विचारला जातो. अमेरिकेत १९९८ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करता येत नाही. तरीही 'पोनी स्टार्स' या आभासी घोडे पाळण्याच्या संकेतस्थळावर ८ लाख २१ हजार वापरकर्त्यांची नोंदणी झाली होती. अशा उल्लंघनांबद्दल ते चालविणाऱ्या 'प्लेडम' कंपनीने २०११ मध्ये ३० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

गोळा झालेली माहिती कायम सुरक्षित राहते, असेही नाही. 'ॲनिमल जॅम' या मुलांच्या संकेतस्थळाची सुमारे ४ कोटी ६० लाख खात्यांची माहिती २०२० मध्ये चोरीस गेली. जुलै २०२२ मध्ये 'निओपेट्स'च्या सुमारे ६ कोटी ९० लाख खात्यांच्या चोरीचे प्रकरण उघडकीस आले. त्यात ई-मेल पत्ते आणि जन्मतारखाही होत्या. दहाव्या वर्षी खेळ सोडून दिलेली, आता संसाराला लागलेली मंडळीही त्यात सापडली. मूल मोठे होते, आवडी बदलतात. दिलेली माहिती मात्र तेथेच राहते. लहान मुलाचे खरे आडनाव, शाळेचे नाव, छायाचित्र आणि जन्मतारीख अशा ठिकाणी देऊच नये, हे उत्तम.

पलीकडे कोण आहे?

चौथी कसोटी संवादाची. आधी तयार करून ठेवलेली वाक्येच निवडता येतात, अशी व्यवस्था सर्वांत सुरक्षित होय. 'वेबकिंझ'ने सुरुवातीला हाच मार्ग पत्करला. मुलाने लिहिलेले वाक्य चाळणी लावून पुढे पाठविण्याची व्यवस्था दुसरी. अपशब्द तीत अडतात, परंतु गोड बोलून विश्वास संपादन करणारा अडत नाही. तिसरी म्हणजे मोकळा संवाद. तो लहान मुलांसाठी नव्हेच.

येथे अफवा आणि धोका यांतील फरकही ध्यानात घ्यावा. 'टॉकिंग अँजेला' या मांजरीच्या डोळ्यांतून कोणी विकृत माणूस मुलांना पाहतो, अशी आवई २०१४ मध्ये जगभर उठली होती. ती निखालस खोटी होती. अशा अफवांनी पालक घाबरतात, खेळ काढून टाकतात आणि त्याच मोबाईलवर दुसरा, कदाचित मोकळ्या संवादाचा खेळ निःशंकपणे सुरू होतो. भीतीपेक्षा तपासणी उपयोगी पडते, ती अशी.

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अशा संकेतस्थळांच्या सूचना प्रायः इंग्रजीत असतात. सहा वर्षांचे मूल त्या न वाचता रंग पाहून बटन दाबते. 'मला मान्य आहे', 'विकत घ्या' आणि 'पुढे चला' ही तिन्ही बटने त्याला सारखीच.

कायद्याचे बोट

भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीशी केलेला करार ग्राह्य नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच स्पष्ट केले होते. म्हणजे मुलाने 'मान्य आहे' म्हटल्याने तो करार ठरत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याने आणखी पुढचे पाऊल टाकले. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे. बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई असून दंडाची मर्यादा २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे.

परंतु कायदा संमती मागतो ती पालकांकडे. ती न वाचता दिली, तर कायद्याचे हे बोट धरण्याआधीच सुटते.

पालकांनी काय करावे?

मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी स्वतः अर्धा तास तो प्राणी पाळून पाहावा. नोंदणीच्या वेळी काय विचारले जाते, पहिली खरेदीची सूचना किती मिनिटांनी येते, जाहिराती कसल्या येतात, अनोळखी खेळाडू संदेश पाठवू शकतो काय, हे तेवढ्यात उमगते. मग तीन दिवस तिकडे फिरकू नये आणि चौथ्या दिवशी उघडून पाहावे. प्राणी हसतमुखाने सामोरा आला, तर बरे. आजारी, रडवेला दिसला आणि औषधासाठी पैसे मागू लागला, तर तो लहान मुलांसाठी नव्हे.

वयाचाही विचार हवा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते पाच या वयात तो दिवसाला तासाभरापेक्षा अधिक नसावा आणि पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत असावा. हा वेळ सर्व पडद्यांचा मिळून आहे. त्यातून प्राण्याच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. पाच वर्षांपर्यंत अशी संकेतस्थळे टाळणेच श्रेयस्कर. पुढे सात-आठ वर्षांपर्यंत पालक शेजारी बसूनच खेळ व्हावा. त्यानंतर पालकांच्या नावाच्या खात्यावर, संवाद बंद ठेवून आणि मोबाईलमधील खरेदीला सांकेतिक क्रमांकाचे कुलूप लावून तो देण्यास हरकत नसावी. फसवणुकीने पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी. मुलाला कोणी त्रास देत असल्यास १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. अशा वेळी मुलाला रागावणे हा सर्वांत वाईट उपाय. रागाच्या धास्तीने मूल पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. ही संकेतस्थळे कायम राहत नाहीत. 'क्लब पेंग्विन' मार्च २०१७ मध्ये बंद झाले, 'मोशी मॉन्स्टर्स' डिसेंबर २०१९ मध्ये. ज्यावर चालत ते 'फ्लॅश' हे तंत्रज्ञान २०२० च्या अखेरीस संपल्याने जुने कित्येक खेळही मिटले. मुलांनी वर्षानुवर्षे जोपासलेले प्राणी एका दिवसात नाहीसे झाले. बेंदराच्या बैलाचे शिंग मोडले, तर आजी ते चिकटवून देते किंवा पुढच्या वर्षी नवी जोडी आणू म्हणते. पडद्यावरचा प्राणी गेला, तरी मुलाची समजूत घालायला घरातलेच कोणी लागते. त्या प्राण्याचे नाव काय होते, तो काय खात असे, हे घरातल्या मोठ्यांना आधीपासून ठाऊक असेल, तरच ती घालता येईल.