टूसॉनच्या छतावर वाळणारं मांस

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या जुन्या भागात कोर्ट अ‍ॅव्हेन्यूवर एक दगडी घर आहे. त्याच्या छतावर जाळीचा पिंजरा आहे आणि लिंबाचा रस, लसूण लावलेले गोमांसाचे पातळ काप त्यात उन्हाला टांगलेले असतात. हे 'एल चारो कॅफे'. मोनिका फ्लिन नावाच्या बाईंनी ते १९२२ साली सुरू केलं आणि आजही ते त्याच घराण्याकडे आहे. एकाच कुटुंबाने अखंड चालवलेलं देशातलं सर्वांत जुनं मेक्सिकन रेस्टॉरंट, असा त्यांचा दावा आहे.

अमेरिकेतल्या मेक्सिकन जेवणाबद्दल जाणकार म्हणवणारी मंडळी बरेचदा नाक मुरडतात. अस्सल ते सीमेपलीकडे, अलीकडे मिळते ती चीज थापलेली नक्कल, असं त्यांचं म्हणणं. टूसॉनच्या बाबतीत ते मला मुळीच मान्य नाही. हे गाव १७७५ साली स्पॅनिश लष्करी ठाणं म्हणून वसलं, १८२१ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोत आलं आणि १८५४ मध्ये जमिनीच्या खरेदीव्यवहारात अमेरिकेकडे गेलं. तिथली कुटुंबं होती तिथेच राहिली. त्यांच्या चुली, शेतं, गुरं आणि दक्षिणेकडचे सोयरेही तेच राहिले. मेक्सिकोचं सोनोरा राज्य आजही तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर सुरू होतं. त्यामुळे एल चारोत शिजतं ते बाहेरून आणून रुजवलेलं जेवण नव्हे. ते सोनोराच्या वाळवंटाचंच आहे, आणि त्या वाळवंटाचा एक तुकडा अमेरिकेत आहे.

सोनोराची चवही बाकी मेक्सिकोपेक्षा निराळी. मेक्सिको म्हटलं की आपल्याला मका आठवतो. इथे मान गव्हाचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस एउसेबियो किनो या जेझुइट पाद्रींनी या मुलखात गहू आणि गुरं आणली. मूळचे ओओधाम लोक पावसाळ्यात मका, घेवडा, भोपळा पिकवत. गहू हिवाळ्यात उगवून उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येई, म्हणजे नेमकी कोठारं रिकामी होण्याच्या वेळी. असं पीक कोण नाकारेल? त्या पांढऱ्या सोनोरा गव्हाच्या पिठाला मऊ ताण असतो. त्याची टॉर्टिया, म्हणजे पोळी, दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत ताणत मोठी करतात आणि ती इतकी पातळ होते की पलीकडचा उजेड दिसावा. जोडीला चिल्टेपिन, म्हणजे वाटाण्याहून लहान, गोल, रानात वाढणारी मिरची. तिची आग झटकन चढते आणि तितक्याच लवकर उतरते.

पण एल चारोची खरी ओळख कार्ने सेका, म्हणजे वाळवलेलं मांस. टूसॉनला वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एरवी हवा कोरडीठाक असते. बर्फ आणि फ्रिज येण्याआधी एक जनावर कापलं, की एवढं मांस टिकवायचं कसं हा प्रश्न त्या हवेनेच सोडवला होता. आपल्याकडेही मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत गोमांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ज्यांना चान्या माहीत आहेत त्यांना कार्ने सेका समजावून सांगावी लागणार नाही. काप पातळ हवेत, नाहीतर आतला ओलावा राहतो आणि मांस बिघडतं. लिंबाची आंबटाई ते राखायला मदत करते, वारा सगळीकडून खेळायला हवा आणि जाळी माश्यांना दूर ठेवते. वाळलं की ते तंतू तंतू होईल असं पिंजायचं आणि कांदा, टोमॅटो, हिरव्या मिरच्यांबरोबर परतायचं. पाणी उडून गेल्यामुळे मांसाची चव दाट झालेली असते. ताज्या मांसाला ती येत नाही, कितीही मसाला घातला तरी.

मोनिकांचे वडील ज्यूल फ्लिन फ्रान्समधून आलेले पाथरवट. सान आगुस्तीन चर्चच्या दगडकामासाठी ते टूसॉनला आले आणि तिथलेच झाले. कोर्ट अ‍ॅव्हेन्यूवरचं घर त्यांनीच बांधलेलं. मोनिकांच्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट घरात सांगतात: गिऱ्हाईक बसलं की त्या ऑर्डर घेत, मागच्या दाराने शेजारच्या चिनी वाण्याकडे जात, उधारीवर सामान आणत, रांधून वाढत आणि पैसे हातात पडले की उधारी चुकती करत. ही गोष्ट मला पटते. १८८० मध्ये टूसॉनला रेल्वे आली, तिच्याबरोबर चिनी माणसं आली, आणि मेक्सिकन वस्त्यांमधली किराणा दुकानं पुढे बरीचशी त्यांच्याच हाती होती. भांडवल नसलेली एकटी बाई आणि कायद्याने परका ठरवलेला वाणी, यांच्यातल्या विश्वासावर ते स्वयंपाकघर उभं राहिलं.

दुसरी प्रसिद्ध गोष्ट चिमिचांगाची. मोनिकांच्या हातून एक बुरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली टॉर्टिया, उकळत्या तेलात पडला, तेल उडालं, तोंडी शिवी आली; पण भाचरं भोवती होती म्हणून त्यांनी ती गिळून भलताच शब्द उच्चारला आणि पदार्थाचं बारसं झालं, अशी ही आख्यायिका. फिनिक्स शहरातलं मकायोज हे रेस्टॉरंटही चिमिचांगाचा शोध आपलाच म्हणतं, तो १९४६चा. मला दोन्ही दाव्यांत फारसा रस वाटत नाही. मोठी, पातळ गव्हाची टॉर्टिया ज्या घरात रोज होते तिथे ती सारण भरून तळून पाहणं कुणालाही सुचेल. सोनोरातही असे तळलेले प्रकार आहेत. मोनिकांचं श्रेय त्याहून मोठं आहे. घरचं जेवण त्यांनी न लाजता पाटीवर मांडलं.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस टूसॉनने शहर-सुधारणेच्या नावाखाली आपला जुना मेक्सिकन भाग पाडला. सुमारे ८० एकरांवरची घरं, दुकानं, चिनी वाण्यांच्या पेढ्या गेल्या आणि त्या जागी सभागृहं, वाहनतळ आले. लिडिया ओतेरो यांनी 'ला काये' या २०१० सालच्या पुस्तकात या विध्वंसाचा इतिहास लिहिला आहे. एल चारोनेही तोवर जागा बदलल्या होत्या. त्याच काळात, १९६८ मध्ये, मोनिकांनी ते वडिलांच्या घरी हलवलं. ते घर पाडापाडीच्या टापूबाहेर होतं म्हणून आज दाखवायला काहीतरी शिल्लक आहे. ज्या गावाने आपली मेक्सिकन पेठ भुईसपाट केली, त्याच गावाला डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. अमेरिकेत हा मान मिळवणारं ते पहिलं शहर. हा मान ज्या स्वयंपाकाला मिळाला, त्याचा मोठा भाग त्या पाडलेल्या घरांत शिजत होता. हे कुणी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मोनिकांनंतर १९७०च्या दशकात त्यांच्या नात्यातल्या कार्लोटा फ्लोरेस यांनी कारभार हाती घेतला आणि आता त्यांची मुलंही त्यात आहेत. बाजारातून जवळजवळ नाहीसा झालेला पांढरा सोनोरा गहू गेल्या काही वर्षांत टूसॉनच्या आसपासच्या शेतांत पुन्हा पेरला जाऊ लागला आहे. १९८३ पासून वाळवंटी बियाणं जपणाऱ्या 'नेटिव्ह सीड्स सर्च' या तिथल्याच संस्थेचा त्यात मोठा हात आहे.

कधी तिकडे जाणं झालं तर चिमिचांगाआधी कार्ने सेकाची साधी थाळी मागवा, म्हणजे वाळल्याने मांसाचं काय होतं ते कळेल. मांस चालत नसेल तर चीज क्रिस्प आहे: भल्यामोठ्या टॉर्टियावर चीज पसरून ती कडक होईपर्यंत भाजतात आणि मधे ठेवून सगळे मिळून तोडून खातात. मात्र सोनोराच्या परंपरेत टॉर्टियाच्या पिठात आणि शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी घालतात. शाकाहारी असाल तर तेवढं आधी विचारून घ्या.