उपचार कुठवर, हे कोणी ठरवावे?
पेढीची कागदपत्रे, ठेवींवरील नामनिर्देशन, मृत्युपत्र ही व्यवस्था व्यापारी घरांत सहसा चोख असते. परंतु कर्ता पुरुष अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर निश्चेष्ट पडला आणि सुधारणेची आशा मावळली, तर उपचार कुठवर चालवावेत, याविषयी त्याचे मन कोणासच ठाऊक नसते. 'थांबवा' म्हणण्याचे धैर्य एकाही मुलास होत नाही. भावाभावांत अबोला येतो तो निराळाच.

अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास, म्हणजे 'लिव्हिंग विल'ला, सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. त्या वेळची न्यायदंडाधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीची अट जाचक होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती शिथिल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक आप्तांची नावे त्यात लिहिता येतात. तेथे ज्येष्ठ पुत्राचेच नाव घालण्याचा परिपाठ सोडावा. डॉक्टरांशी शांतपणे बोलू शकणारी कन्या वा सून अनेकदा अधिक योग्य असते.

अंमल केवळ कुटुंबाच्या शब्दावर होत नाही. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत देतात. बरा होऊ शकणाऱ्या रुग्णास हे पत्र लागू नाही, आणि वेदनाशमन चालूच राहते. ते केव्हाही लेखी रद्द करता येते. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नये, रविवारी लॉकर उघडत नाही.