सहेरीनंतरची खडखड

गेल्या रमजानमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले आणि हसत म्हणाले, "वहिनी, पहाटे तुमच्याकडे दुरुस्तीचं काम चालतं का हो?" त्यांनी तक्रार केली नव्हती, पण आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काका तारापूर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातात. रात्री अकराला सुटून घरी येऊन झोपायला त्यांना एक वाजतो. आणि आम्ही सहेरी आटोपून, रात्रीची आणि सहेरीची भांडी एकत्र लावून, पहाटेच डिशवॉशरचे बटण दाबत होतो. आठवडाभरापासून त्यातून खडखड येत होती. आम्हाला ती ऐकू येत होतीच, पण ईदनंतर बघू म्हणून आम्ही कानाआड केली होती.

यंत्र घेतले होते अम्मींसाठी. साबणाने त्यांच्या बोटांना भेगा पडतात, आणि इफ्तारला दहा माणसे असली की भांड्यांचा ढीग आवरेपर्यंत तरावीहची वेळ होते. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, ईदनंतरच येता येईल. अम्मी म्हणाल्या, "बंद ठेवा. माझ्या हातांचं काय, पण शेजाऱ्याची झोप मोडून भांडी धुवायची नाहीत." दोन दिवस त्यांनी खरोखरच हाताने भांडी घासली. मग आम्हीच कंबर कसली. 1969 पासून वीज देणारे अणुकेंद्र आमच्या शेजारी, आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या एका मोटारीपुढे हात टेकून बसायचे, हे बरे दिसत नव्हते.

सुरुवात चुकली. आधी वाटले यंत्र हलत असेल, म्हणून पुढचे पाय फिरवून ते सपाट केले. वरच्या कडेवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली की बुडबुड्यावरून कल कळतो. मग वाटले, पाण्याचा पंखा भांड्याला लागत असेल. हा स्प्रे आर्म यंत्रात खाली-वर गोल फिरत पाणी उडवतो. आपली उंच पातेली, कढईचे कान, जाळीतून खाली उतरलेली पळी त्याला अडते आणि ठराविक अंतराने ठक्-ठक् होते. दार लावण्यापूर्वी पंखे एकदा हाताने फिरवून पाहिले तर हा आवाज कायमचा जातो. आम्ही फिरवून पाहिले, दोन्ही मोकळे होते. खडखड तशीच राहिली.

मग शनिवारी दुपारी घड्याळ घेऊन यंत्रासमोर बसलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. डिशवॉशर तीन कामे पाळीपाळीने करतो: पाणी आत घेतो, ते तापवून पंख्यांतून फिरवतो आणि मळके पाणी बाहेर फेकतो. पाणी घेताना सूंऽऽ असा आवाज, फिरवताना पावसाच्या सरीसारखा आवाज, मध्येच साबणाची डबी उघडल्याचा खट् आवाज आणि पाणी फेकताना घुर्र असा आवाज, हे सगळे ठीक. आपला आवाज यातल्या कोणत्या कामाच्या वेळी येतो ते पाहायचे. पाणी घेणे बंद होताक्षणी धप्प झाले, तर नळी भिंतीला किंवा कपाटाला आपटते आहे असे समजा. नळी बांधून घ्यावी, नळ थोडा कमी उघडावा. आमची खडखड मात्र फक्त पाणी फेकताना येत होती. म्हणजे दोष ड्रेन पंपात.

आता उघडण्याआधी करायच्या गोष्टी. प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पाण्याचा नळ बंद करायचा. यंत्र निवू द्यायचे. हातात जाड रबरी मोजे घालायचे, कारण खाली फुटलेल्या ग्लासाची कपची असू शकते. खालची ट्रे बाहेर काढून तळाची गाळणी फिरवून उचलली आणि तिच्याखालच्या खळग्यातले पाणी स्पंजने टिपून घेतले. तिथे एका बाजूला प्लास्टिकचे छोटे झाकण होते. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत ते चमच्याच्या दांड्याने उचकटायला सांगितले आहे. आत पंपाची छोटी पंखुडी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा मटणाच्या हाडाचा तुकडा अडकलेला! चिमट्याने तो काढला. पंखुडी बोटाने फिरवली तर ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरली. घाबरलो, पण या पंपात चुंबक असते, त्यामुळे तसे फिरणे बरोबरच आहे. झाकण पुन्हा दाबून बसवले.

प्रत्येक यंत्रात हे झाकण आतून उघडत नाही. काहींत पंप खालच्या पत्र्यामागून काढावा लागतो. तिथे आपण हात घालू नये. प्लग काढल्यावरही मोटारीच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते आणि वॉरंटीही जाऊ शकते.

पण हाड गाळणीतून गेले कसे? गाळणीची भोके त्याच्यापुढे फारच बारीक. उत्तर लाजिरवाणे होते. इफ्तारच्या घाईत कोणीतरी, नाव घेत नाही, गाळणी धुऊन नुसती ठेवून दिली होती, फिरवून घट्ट बसवली नव्हती. ती कडेने उचलली गेली आणि हाड खाली घरंगळले. खजुराची बी, लवंग, दालचिनीचा तुकडा यांचाही तोच मार्ग. आता ताटे दस्तरखानावरून उठली की आधी कचऱ्यात झटकायची, असा घरात नियम आहे.

पालघरच्या नणंदेला हे सांगितले तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे पण आवाज येतो, पण वर-खाली होणारा, मध्येच गुरगुरणारा. हा प्रकार वेगळा. फिरवणाऱ्या पंपाला पाणी कमी पडले की तो हवा ओढतो आणि असा आवाज काढतो. एखादा टोप उलटून सुलटा झाला आणि त्यात पाणी साठले तरी हेच होते. नेहमीचा भांड्यांचा साबण घातला तर फेसामुळेही होते. त्यांच्या घरी यातले काही नव्हते. त्यांचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. पुष्कळ यंत्रांना निदान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. 0.5 बार म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा साधारण 5 मीटर उंच हवे. त्यात इमारतीला बोअरचे आणि टँकरचे पाणी. नळीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती वाळूने भरली होती. ती ब्रशने साफ केल्यावर निम्मा आवाज गेला.

उरलेला निम्मा पाण्याच्या जडपणाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यात तो बराच असू शकतो. त्याची पांढरी पुटे पंख्याच्या भोकांत बसतात. भोके टूथपिकने मोकळी केली आणि रिकामे यंत्र लिंबूफुलाची पूड घालून गरम पाण्यावर एकदा चालवले. डिशवॉशरचे मीठ त्यांनी कधी घातलेच नव्हते! त्या मिठाने यंत्रातली जडपणा शोषणारी राळ पुन्हा ताजी होते. स्वयंपाकाचे मीठ तिथे चालत नाही, त्यातले सुटे ठेवणारे पदार्थ राळेला बाधतात.

सततची उंच शिट्टी किंवा कर्कश किणकिण येत असेल, तर मात्र बहुधा मोटारीचे बेअरिंग किंवा सील गेलेले असते. तिथे माणूसच बोलवावा.

दुसऱ्या रात्री इफ्तार आणि तरावीहनंतर यंत्र लावले. अम्मी खुर्ची ओढून समोर बसल्या, पाणी फेकण्याची वेळ येईपर्यंत. घुर्र झाले, खडखड नाही. तरीही सहेरीनंतरची वेळ आम्ही बदलली. भांडी भरून ठेवतो आणि काका उठून चहाला गॅलरीत आलेले दिसले की सकाळी नऊला बटण दाबतो. ईदला शीरखुर्म्याचे डबे खाली पोहोचवले तेव्हा काकांनी विचारले, "दुरुस्ती संपली वाटतं?" आम्ही हाडाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, आमच्या कंपनीतल्या पंपात परवा कोणाचा तरी हातमोजा सापडला.