नफाच नाही, तर सूट कशावर?

पोलादपूरच्या डोंगरात एखादी वाडी पंधरा-वीस घरांची असते. तिथवर फायबर केबल न्यायची तर खरा खर्च खोदाईचा. आतला काचेचा धागा जेमतेम १२५ मायक्रॉन जाडीचा, त्या मानाने स्वस्तच. पण खाली कातळ, वर जुलैचा पाऊस. त्यात जेसीबीने केबल तोडली, की धाग्याची दोन टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून पुन्हा सांधत बसायचं.

अशा कामाला करसवलतीने चालना मिळेल का? आयकर कायद्याच्या कलम ८०-आयएमध्ये ३१ मार्च २००५पर्यंत सुरू झालेल्या इंटरनेट सेवांना पाच वर्षं नफ्याची १०० टक्के आणि पुढची पाच वर्षं ३० टक्के वजावट मिळत होती. मेख तिथेच आहे. शेजारच्या महाडच्या बाजारपेठेत नफा होईलही. वाडीतल्या वीस बिलांतून कसला नफा नि कसली वजावट!

म्हणून दुसरी वाट निघाली. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातला ५ टक्के वाटा एका निधीत जातो, त्याचं आजचं नाव डिजिटल भारत निधी. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेणाऱ्या भारतनेटला पैसा तिथूनच आला.

२०२१मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने आणखी एक वाट सुचवली: फिक्स्ड-लाइन ब्रॉडबँडचे ग्राहक वाढवणाऱ्यांना परवाना शुल्कात सूट. म्हणजे नफा असो-नसो, जोडणी दिली की फायदा. मला हे जास्त पटतं. फक्त डोंगरातल्या जोडणीला सूट चढी हवी, नाहीतर कंपन्या महाड शहरातच जोडण्या देत बसतील.