गोठ्याचा ट्रॅक्टर, उताराचा ट्रॅक्टर

रत्नागिरीत गोठ्यासाठी ट्रॅक्टर घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती एचपीचा?’ माझ्या मते हा प्रश्न घाटावरचा. तिकडे काळ्या रानात नांगर ओढायचा असतो, पन्नास एचपी शोभून दिसतात. आपल्याकडे जमीन जांभ्याची, कोपरं उतरती, पाणंद दोन गडग्यांमधून जेमतेम बैलगाडी निघेल एवढी, आणि वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. भाताची चिखलणी पॉवर टिलर उरकतोच. गोठ्यावरच्या ट्रॅक्टरला खरं काम असतं ते ओझी वाहण्याचं.

हिशोब मांडून बघा. संकरित गाय दिवसाला पंधरा-वीस किलो ओला चारा नि पाच-सहा किलो सुका खाते, दहा-पंधरा किलो शेण टाकते. दहा जनावरं धरली तर आठवड्याला पाऊण-एक टन शेण गायरीत आणि दीड टन चारा गोठ्यात. त्यात हत्तीगवत खाली पऱ्ह्याच्या कडेला आणि दिवाळीनंतर कापायचं सुकं गवत वर सड्यावर, म्हणजे गोठ्यातून दोन्हीकडे उतार आहेच. (आपली कोकण कपिला याहून बरंच कमी खाते, डोंगरावर चरून स्वतःच्या पायांनी घरी येते. दूध बेताचं, पण तिच्या मालकाला हा लेख वाचायची गरज नाही.)

कंपन्यांचा इतिहास थोडक्यात. महिंद्राचा ट्रॅक्टर धंदा 1963 चा, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतला. स्वराज 1974 पासूनचा, पंजाबातला, देशी आराखड्याचा. 2007 मध्ये तोही महिंद्राकडे गेला, तेव्हा या दोन शोरूममध्ये घासाघीस करताना मालक एकच आहे हे ध्यानात ठेवावं. कुबोटा जपानी, 2022 पासून एस्कॉर्ट्सची सूत्रं तिच्याकडे. जॉन डिअर अमेरिकी, पण कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला. व्हीएसटी बंगळुरूची, टिलरमुळे कोकणाला ओळखीची. झालं.

आपल्या पाणंदीत मावणारे ट्रॅक्टर ढोबळमानाने दोन जातींचे. महिंद्रा युवराज 215 आणि स्वराज 717 हे पंधरा एचपीचे, एका सिलिंडरचे, मागच्या दोन चाकांवर चालणारे. कुबोटा निओस्टार बी2441 आणि महिंद्रा जिवो 245 हे चोवीस एचपीचे, चारही चाकांना जोर असलेले. गंमत म्हणजे लिफ्टची ताकद पहिल्या जोडीची 780 किलोच्या आसपास, दुसरीची 750. एचपीवर भाळणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. किमतीत मात्र दोन जातींत चांगलंच अंतर आहे.

ते पैसे कशाचे? माझं उत्तर: ब्रेकचे. लांज्याकडच्या एका गोठेवाल्या काकांनी मला सुनावलं होतं, ‘वर न्यायला काय लागतंय हो, कोणीपण नेईल. भरलेली ट्रॉली खाली आणून दाखवा.’ लहान ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती मागून ढकलते, ट्रॅक्टरचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ब्रेक असतात मागच्या चाकांना, जी नेमकी हलकी झालेली असतात. ओल्या जांभ्यावर ती लॉक होऊन घसरतात. चारही चाकं जोडलेली असली तर तोच ब्रेक आतल्या दांड्यांमधून पुढच्या चाकांनाही धरून ठेवतो. लोक फोर-व्हील चिखलातून निघायला घेतात. मी म्हणतो, कोकणात ती उतरायला घ्यावी.

शिवाय या दुसऱ्या जोडीचे ब्रेक तेलात बुडालेले. उष्णता तेल वाहून नेतं, पऱ्ह्यातलं पाणी आत शिरत नाही. युवराज आणि 717 चे कोरडे डिस्क. सपाटीवर त्यांना काहीच नाव ठेवायला जागा नाही, पण लांब उतारावर तापतात.

उजव्या पायाशी वाकून बघा. ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या-उजव्या चाकाचं एकेक, आणि मधे बोटभर लोखंडी कडी. शेतात वळायला ती सोडतात. रस्त्यावर तशीच राहिली नि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. उताराला लागण्याआधीच खालचा गियर टाकायचा आणि मधे क्लच अजिबात दाबायचा नाही, हेही ड्रायव्हर म्हणून ठेवलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचं.

पीटीओचं एवढंच: मागचा शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालवला की त्यावर कडबाकुट्टी फिरते. पावसात तारा तुटून वीज गेली की विजेच्या मोटरवर विसंबलेला गोठा अख्खं हत्तीगवत जनावरांपुढे टाकतो आणि निम्मं पायाखाली जातं. शाफ्टला आवरण हवंच; साडीचा पदर, लुंगी, काहीही ओढलं जातं.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मगच खरेदी. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची खरी ताकद, ब्रेक, वळणाचा घेर सगळं असतं. विक्रेत्याकडे तो मागा. मेकॅनिक भर पावसात तुमच्या वाडीपर्यंत येईल का, हे मात्र शेजारच्या गोठ्यात विचारा. आणि चाचणी शोरूमच्या अंगणात घेऊ नका. डेमोचा ट्रॅक्टर घरी बोलवा, ट्रॉलीत ओलं शेणखत भरा आणि तुमच्याच पाणंदीने खाली आणायला सांगा.